लिंबाजीच्या पिकअपचं ब्रेक ऑइल

मंडळी, एक सांगा मला. गाडीला रोज हार घालणारा माणूस गाडीचा भक्त, की वैरी? घाई नको — आधी ऐका!

चिंचवाडीचा लिंबाजी पिकअप चालवायचा. सकाळी उदबत्ती, बॉनेटला हळदकुंकू. पण बॉनेट उघडून आत बघायचं? छे! देव बाहेरूनच पावावा!

त्याची बायको द्वारका. अंगण झाडताना तिला मागच्या चाकापाशी तेलकट ओल दिसली. चार दिवस सांगत राहिली. हा म्हणायचा, गाडी धुतल्याचं पाणी. पाचव्या दिवशी तिनं हाताला धरून नेलं, तेव्हा त्यानं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी तळाला गेलेली! आता गळतंय कुठं, हे मिस्त्रीला दाखवावं की नाही? यानं घरात उरलेलं इंजिन ऑइल ओतलं. म्हणे, तेल ते तेल! अहो, मग एरंडेलात भजी तळा की!

ब्रेकमधली रबरं त्या तेलानं फुगली. तिसऱ्या दिवशी कांदालागणीला निघालेल्या अकरा बाया मागं बसलेल्या, त्यांत द्वारकाही. घाटाच्या उताराला लिंबाजीनं ब्रेक दाबला — पाय थेट तळाला! पुन्हा दाबला. काही नाही. पुढं वळण, वळणाखाली दरी. त्यानं गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. पत्रा फाटला, धूळ उडाली, आणि गाडी थांबली.

एका बाईचा हात मोडला. बाकी साऱ्या वाचल्या. पण लिंबाजी खाली उतरेना. थांबल्या गाडीत त्याचा पाय ब्रेकवर वरखाली, वरखाली चाललेला. द्वारका खिडकीशी आली. तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं.

“पाय काढा,” ती म्हणाली. “गाडी थांबलीय.”

त्यानं पाय उचलला, तिच्या कपाळाकडं बघितलं. “तू सांगितलं होतंस.”

“तुम्ही बघितलंही होतं.”

बस्स! मंडळी, दरी चुकली, पण हे वाक्य लागलं. लिंबाजी तिथंच, रस्त्याच्या कडेला, लहान पोरासारखा रडला.

आता तो दर सोमवारी ब्रेक ऑइल डबीवरच्या दोन रेघांच्या मध्ये आहे का बघतो, काडी पुसून इंजिनाचं तेल तपासतो. हार घालतोच — पण त्यानंतर.

न दिसलेल्या चुकीला देव क्षमा करील हो. बघून झाकलेलीचं काय? घरचं माणूस चारदा सांगून थकलं, असं एखादं काम तुमचंही पडून असेल... आठवलं ना? मग माझ्या पाया पडत बसू नका. उठा, घरी जा!