सोमा मेस्ताची पेटी

बुधवंत मामा, मास्तर, आया-बायांनो, थोरल्या-धाकल्यांनो. देवळाम्होरं एवढी मानसं बघून सोमा असता तर म्हनला असता, "काय रं लक्षू, कुनाचं लगीन हाय?"

लगीन न्हाई. त्याचंच बारावं हाय.

मास्तर म्हनले, ह्याला शोकसभा म्हनत्यात, आन गेलेल्या मानसाबद्दल त्याच्या जवळच्यानं दोन शब्द बोलायचं असत्यात. मी म्हनलं, मास्तर, मला नका सांगू. तुमास्नी ठावं हाय, मी सोमाच्या करवतीचा खालचा गडी. ओंडका मांडवावर चढवला की सोमा वर उभा ऱ्हायाचा, मी खाली. वरच्यानं रेघंवर नजर ठिवायची, खालच्यानं ओढायचं. आन खालच्यानं तोंड मिटून घ्यायचं, कारन सगळा भुसा त्याच्याच तोंडावर पडतोय. उभ्या जल्मात सोमा बोलला आन म्या ओढलं. आज त्यो गप हाय आन मी उभा.  तरी बोलतो. न्हाई बोललो तर सोमाच्या मागं ऱ्हायलेल्या पारू वैनीला तोंड कसं दावू?

आदी एक गोष्ट उघड करतो. हितं बसलेली समदी मानसं रडायला आलेली न्हाईत. माझ्याकडं असं बघू नगासा. मला दिसतंय. गणू, तुझ्या मांडीखाली दोर हाय त्यो बी दिसतोय. त्यो दोर ह्या पेटीला बांधायचा, पेटी कोंडात, नदीच्या खोल डोहात, सोडायची, आन पारू वैनीच्या घरी आज बाराव्याला कुनी जेवायला जायाचं न्हाई. गाव जेवलं न्हाई म्हंजे घर वाळीत. मग त्या बाईनं पानी कुठनं भरायचं? इस्तू कुनाकडं मागायचा? लेकरं कुनात खेळायची? हेच ठरलंय न्हवं? गावाचं म्होरकं, बुधवंत म्हनून मामांनी तेवढं म्हनलं, लक्षूला बोलू द्या, मग बघू. मामा, लई उपकार. पर मग मला मधी थांबवू नगा.

वैनी, तुमी उठू नगा. बसा तिथंच. खाली मान घालू नगा.

ही पेटी बघा. जंगलतोडीच्या साहेबाच्या तळावर सामान आलेल्या खोक्याच्या फळ्या ह्या. फेकून दिलेल्या. सोमानं एकेक फळी रंधा मारून काढली, कोपऱ्याला दात पाडून एकमेकांत बसवल्या. खिळा न्हाई एक. आत गवताची गादी, तिच्यावर हत्यारं निजवलेली. वाकस, पटाशा, कोयतं, कुऱ्हाडी. लोखंडात तोंड दिसंल असं घासलेलं.

आन ही हत्यारं कुनाची? मेलेल्या मानसांची.

आपली चाल समद्यास्नी ठावी हाय. गडी मेला की त्याचं हत्यार घरात ठिवायचं न्हाई. बाराव्याला न्हेऊन काळी नदीच्या कोंडात सोडायचं. त्याचं त्याला पोचलं पायजे. माझ्या बाची, तुमच्या भावांची, समद्यांची तिथंच गेली. आन परवा पारू वैनीनं सोमाची हत्यारं कोंडात सोडायसाठी म्हनून ही पेटी उघडली. धुताना एका कोयत्याच्या दांड्यावरचं सुंभ सुटलं. खाली दांड्यावर कोरलेली मालकाची निशानी निघाली. गणूच्या थोरल्या भावाची. गणूनं वळखली आन वरडला, चोर! देवाच्या कोंडातलं चोरलंय! म्हनूनच तापानं मेला!

गणू, तुझा भाऊ बी तापानंच गेला. त्यानं काय चोरलं व्हतं?

न्हाई, बस. बस म्हनतोय न्हवं! मी पुरं केल्याशिवाय ह्या पेटीला दोर लागायचा न्हाई. आन लावायचा तर आदी मला बांध.

व्हय. सोमानं ती हत्यारं कोंडातनं काढली. मी कशाला खोटं बोलू? उन्हाळ्यात काळी उतरली की त्यो कोंडात उतरायचा आन पायाच्या बोटांनी गाळ चाचपायचा. एकदा मला वाटंत गाठ पडला. मुंडाशात काय तरी बांधलेलं, आंगावरनं पानी गळतंय. मी म्हनलं, "काय रं, मासं घावलं व्हय?" त्यानं गाठ सोडून दावलं. मी तर चार पावलं मागं सरलो. म्हनलं, "सोम्या, देवाच्या ताटातलं उचलतोस व्हय?" तर म्हनतोय कसा, "देवानं वापरलं असतं तर हात लावला नसता, लक्षू. गंजत पडलंय बघ."

असा त्यो मानूस! देवाला बी कामाचा हिशोब इचारनारा.

लई भांडलो मी त्याच्यासंगं. दोन दीस करवत चालली पर बोलनं न्हाई. वरनं त्यो "ओढ" म्हनायचा, तेवढंच. मग एका दुपारी भाकरी खाताना त्यानंच काढलं. म्हनला, "माझा बा मेला तवा त्याची समदी पेटी ह्या गावानं कोंडात वतली. बा असा मेस्त की त्यानं लावलेल्या दारातनं मुंगी जायाची न्हाई. आन मी त्याचा ल्योक, दुसऱ्याची बोथट पटाशी मागून आनून शिकलो. बा पटाशी कुठं धरायचा, अंगठा कुठं टेकायचा, मला कोन सांगनार? दांड्यावर समदं व्हतं की. त्यो दांडाच बुडिवला."

मग त्यानं बाचा वाकस शोधून काढला. लाकूड तासायचा मोठा वाकस. खैराचा दांडा, पान्यात राहून काळा पडलेला, पर सडलेला न्हाई. त्याच्यावर बाच्या अंगठ्यानं पडलेला खळगा. सोमानं आपला अंगठा त्यात ठिवला. हे त्यानंच मला सांगितलं, दांडा हातातनं खाली न ठिवता.

तवापास्नं त्याला नादच लागला. वसरीवर बसायचा, भर दिवसा, समद्यांच्या देखत. नारळाची शेंडी, इटंची भुकटी, करंजाचं त्याल. घास घास घासायचा. लोखंड कितीबी घासंल, पर दांडा कवा तासला न्हाई. मी म्हनायचो, "अरं दांडा बदल की, धामनीच्या लाकडाचा देतो तुला ताजा." म्हनायचा, "लोखंड लोहाराचं असतंय, लक्षू. दांडा तेवढा त्या मानसाचा." आन निशानी दिसू नये म्हनून वर सुंभ गुंडाळायचा. तुमी समद्यांनी त्याला घासताना बघितलंय. वाटलं, बाजारातनं मोडकी आनतोय. खुळा हाय म्हनून हसलासा. मी बी हसलो.

आता मला एक सांगा. तुमच्यातल्या कुनी सोमाकडनं हत्यार उसनं नेलं न्हाई? ज्यानं कवाच नेलं न्हाई त्यानं हात वर करा. कुनीच न्हाई? बरं.

मग आठवा. मागायला गेलं की त्यो काय करायचा? पेटीत हात घालायचा, एक उचलायचा, परत ठिवायचा. "ही न्हाई, ही दुसऱ्यानं सांगितलीया." मग भलतंच एक काढून द्यायचा. तुमी चिडायचासा. गणू, तू तर शिव्या दिल्यास त्याला. चांगला हलका कोयता म्होरं पडलेला, आन हा म्हातारा मला दर खेपंला त्यो जडच देतोय. असं म्हनायचास का न्हाई?

त्यो जड कोयता तुझ्या भावाचा.

दर खेपंला त्योच दिला तुला. दुसऱ्या कुनाला कवा दिला न्हाई. मी डोळ्यांनी बघितलंय, माझा चुलता त्यो मागायला गेला तर सोमा म्हनला, बोथट हाय. बोथट! सोमाच्या पेटीत बोथट! तवा माझ्या ध्यानात याया लागलं. मग मी घरी जाऊन माझीच कानस बघितली. आमच्या करवतीचं दात घासायला सोमानं दिलेली. लाकडी मूठ हाय तिला. सुंभ सोडलं. खाली माझ्या बाची निशानी.

मी तशीच ती परत गुंडाळली. सोमाला बोललो न्हाई.  दुसऱ्या दिवशी करवत ओढताना डोळ्यात पानी आलं तर म्हनलं, भुसा गेला.

ज्याचं त्याला, मानसांनो. ज्या घरचं हत्यार, त्याच घरी उसनं. तुमी त्याला चोर म्हनतासा. असा चोर बघितलाय कवा, ज्यो चोरलेलं घासून, धार लावून, मालकाच्याच हातात परत देतोय, आन वर तुमच्या शिव्या खातोय?

मामा. बुधवंत मामा. आता तुमाला बोलायचंय. 

तुमचा ल्योक जानू साहेबाच्या तळावर तोडलेल्या सागाखाली चिरडून मेला. त्याचा वाकस तुमीच आपल्या हातानं कोंडात सोडलासा. आमी समदे काठावर व्हतो. तुमी रडला न्हाईसा. गावाचा मोठा मानूस कसा रडनार? मागच्या पेरनीआदी तुमी नवा नांगर तासायला सोमाकडनं वाकस नेलासा. त्यो ह्यो. बघा. हातात घ्या.

दांड्याचा खळगा डाव्या अंगठ्याचा हाय. गावात डावरं कोन? तुमी आन जानू. बापलेक.

लोक हत्यार नेत्यात ते काम झालं की आनून टाकत्यात. तुमचा नांगर झाला, जमिनीत बी गेला, पेरन्या झाल्या, तरी वाकस तुमच्याच घरी. एकदा मी तुमच्या अंगनातनं जात व्हतो. तुमी उंबऱ्यावर बसला व्हतासा, वाकस मांडीवर. काम काय चाललं नव्हतं. मला बघून म्हनलासा, "सोमाचा वाकस हातात बरा बसतोय रं." आन परत आनून दिलासा तवा त्याला त्याल लावलेलं, फडक्यात गुंडाळलेला. मामा, उसन्या हत्याराला त्याल कोन लावतंय?

तुमाला ठावं व्हतं का न्हाई, मी इचारत न्हाई. चारचौघांत इचारायची गोष्ट न्हवं ती. ह्याच्यावरचं सुंभ मी सोडवायचो न्हाई. सोडवायचं तर तुमी सोडवा. न्हाई तर तसाच पेटीत ठिवा आन गणूला सांगा, बांध दोर. तुमचा शबूद गाव मोडायचं न्हाई. मी बी न्हाई मोडायचो. फकस्त येवढंच, जानूला दुसऱ्यांदा बुडवताना बी तुमीच हात लावा.

झालं माझं. लई बोललो. उभ्या जल्माचं एका दिवशी बोललो.

माझ्या बाची कानस मी हिकडं कमरंला खोवलीया. ती मी घरी नेनार. आन हितनं उठलो की पारू वैनीच्या वसरीवर पहिल्या पानावर बसनार, मला वाळीत टाकायचं तर खुशाल टाका. ज्याला आपल्या घरचं न्यायचं हाय त्यानं पेटीपाशी यावं, आपलं उचलावं आन माझ्यामागनं यावं. ज्याला न्हाई न्यायचं त्यानं दोर घ्यावा.

पर त्याच्याआदी, मास्तर सांगत्यात तसं, समदे उभं ऱ्हावा. टोप्या-मुंडाशी काढा. गणू, तू बी. थोडा येळ कुनी बोलू नगा. सोमासाठी ऱ्हावा, आन ह्या पेटीत ज्यांचं हात हायत त्या समद्यांसाठी ऱ्हावा. मामा, तुमी बसून ऱ्हायला तरी चालंल. वाकस मांडीवर असू द्या.

सोमा, गड्या, राम राम. आजपास्नं तू खाली आन मी वर. तू तोंड मिटून घे. बोलायचं मी बघतो.