बर्फातली पौष्टिक वडी

...आणि वर साहेब मलाच विचारतात, "बाळ, तू इतकी चिडतेस का?" चिडू नको तर काय टाळ्या वाजवू?

तुम्हाला सांगते, बर्फात पहारा देणाऱ्या जवानांसाठी आमच्या प्रयोगशाळेत एक पौष्टिक वडी बनते. बनवणारे हेच साहेब, आमचे विभागप्रमुख; पाठीमागे आम्ही त्यांना कॅलरीकाका म्हणतो. वडीत एवढं तूप, एवढी साखर कोंबलीय की घोडासुद्धा दिवसभर धावेल... पण घोड्याने आधी ती खायला नको? त्या उंचीवर भूकच मरते हो! गोड तर नुसतं बघून मळमळतं. माझा सख्खा भाऊ तिथेच आहे. फोनवर म्हणतो, "ताई, तुमची वडी फार कामाची गं... तंबूच्या खुंट्या काय छान ठोकल्या जातात!" मागे सुट्टीवर आला तो इतका वाळून, की आईने दार उघडून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, "भूक लागली की खातात!"

अहो, लागतच नाही! काहीतरी तिखट, खारट द्या, मऊ द्या!

"लागेल, लागेल. आमच्या वेळी असली थेरं नव्हती."

यांच्या वेळी! यांनी जन्मात सोसलेली थंडी म्हणजे ऑफिसचा एसी, तोही मफलर गुंडाळून!

आता नवा साठा वर जायचा होता. खिंड बंद झाली की अख्खा हिवाळा तेच खायचं. म्हणून चव-समिती बसली, सगळे निवृत्तीला टेकलेले. उबदार खोलीत, वडी चहात बुडवून... "वा! काय खुसखुशीत!" मी विचारलं, जवानाला ही मऊ मिळणार आहे का? तर काका? "भूक लागली की खातात!" म्हटलं, मग चला कोल्ड रूममध्ये, जाड हातमोजे घाला, आणि तिथली गोठलेली वडी खाऊन दाखवा!

गेले बाई! पाकिटावर लिहिलंय 'इथून फाडा'. कुठून फाडा? मोज्यात स्वतःचं बोट सापडेना! एकाने पाकीट दाराच्या कडीवर आपटलं, दुसरा त्यावर उभाच राहिला, तेव्हा कुठे ते फुटलं... आमच्या काकांनी मात्र सेनापतीच्या थाटात वडी तोंडात घातली, कचकन चावली, आणि... कवळी वडीत! वडी हातात, कवळी वडीत, आणि काका बोळक्या तोंडाने म्हणतायत, "भूक लागवी की खाफाफ!"

मी मनात म्हटलं, सुटला माझा भाऊ!

समितीने तासभर खल केला. निर्णय काय? वडी उत्तम, एकमताने मंजूर... फक्त यापुढे जवान वर पाठवण्याआधी त्याचे दात तपासून घ्यावेत!

आणि या कामावर नेमलं कोणाला? सोमवारपासून मी दारात उभी राहून एकेकाला सांगणार, "आ करा!"