चालू स्थितीतील फ्रिज

मनस्वी : पंधरा.

कोमल : पंधरा म्हणजे चांगलं ना, मॅडम?

मनस्वी : पंधरा वॅट. एवढ्या जुन्या फ्रिजला शंभराच्या वर लागतात.

कोमल : आमचा पहिल्यापासूनच कमी खातो.

मनस्वी : आता दार उघडते. पंधरा. बंद केलं. तरी पंधरा. ताई, दार बंद झालं की आतला दिवा विझायला हवा.

कोमल : विझला असेल. आत बघायला कोण गेलंय?

मनस्वी : प्लगला लावलेल्या या मीटरला कळतं ते.

कोमल : थोडं थांबा ना, चहा ठेवते. त्याला सुरू व्हायला वेळ लागतो.

मनस्वी : वीस मिनिटं झाली. मोटर चालू झाली की आकडा वर जातो, थांबली की खाली येतो. हा जागचा हलत नाही. म्हणजे यात फक्त दिवा जळतोय. मोटर कधी बंद पडली?

कोमल : फॉर्मवर मी 'चालू' लिहिलंय.

मनस्वी : ते वाचूनच आलेय मी. 'दहा वर्षांपेक्षा जुना, चालू स्थितीतील फ्रिज जमा केल्यास फाइव्ह स्टार फ्रिज निम्म्या किमतीत.' तुमचा जुना आहे, हे मान्य.

(चंद्रावती मागच्या दाराने येते. हातात बादली, बादलीत कालचे बांगडे.)

चंद्रावती : झाला का गो तुमचा? मासली बादलीत ठेवून चार तास झाले. ऊन चढतंय. आडवा करा त्याला लवकर.

मनस्वी : आडवा?

कोमल : आई, तुम्ही आत जा. या वीज कंपनीच्या मॅडम आहेत, तपासायला आल्यात.

चंद्रावती : मना दिसतंय. बाय, तू येनार म्हनून आज पहाटे चौघांनी मिलून याला उभा केला. आठ वर्सं आडवा हाय तो.

कोमल : झालं. सकाळपासून मी काय सांगत होते यांना, आणि तुम्ही एका वाक्यात...

चंद्रावती : मंग मना आधी सांगायचा, खोटा बोलायचा हाय म्हनून. मी बाजारातच बसले असते.

मनस्वी : मावशी, आडवा कशासाठी?

चंद्रावती : सव्वीस जुलैला खाडी घरात शिरली नाय का. हा पान्यात दोन दिस. दिनानाथ मेकॅनिक आला, बोलला, मोटर जलली, पेटी चांगली हाय. मी बोलले, पेटी चांगली हाय तर रडायचा कशाला? दिला पाठीवर निजवून. खाली बर्फ, वर मासली, परत बर्फ, त्याच्यावर गोनपाट. संध्याकाली नाय खपली ती मासली सकाली तशीच ताजी.

मनस्वी : उभा ठेवून चाललं नसतं?

चंद्रावती : उभ्याचा दार उघडला का थंडी पायांवर पडते. आडव्याची आतच बसते.

मनस्वी : बरोबर आहे. थंड हवा जड असते. दुकानातले आइस्क्रीमचे फ्रीझर म्हणूनच वरून उघडतात. तुम्हाला हे कोणी सांगितलं?

चंद्रावती : पायांनीच.

मनस्वी : संध्याकाळी बर्फाची अख्खी लादी घालता?

चंद्रावती : पाव लादी.

मनस्वी : आणि सकाळी किती उरतो बर्फ?

चंद्रावती : निम्म्याला जरा कमी. का गो?

मनस्वी : काही नाही. पेटी किती थंडी धरते, याचं गणित घरी करून बघेन. मग एवढं चांगलं चाललंय तर नवा फ्रिज का हवाय?

कोमल : चाललं होतं. दिवाळीनंतर खाडीजवळचा बर्फाचा कारखाना बंद झाला. तिथे टॉवर होतोय. आता बर्फ आणायचा तर उरणकडून. टेम्पोवाला म्हणतो, एका लादीसाठी मी थांबणार नाही, आणि रिक्षाने आणला तर अर्धा वाटेतच वितळतो. दोनदा पापलेट फेकून दिलं यांनी.

चंद्रावती : तीनदा. एकदा तुला सांगितला नाय.

कोमल : आमचे हे, म्हणजे प्रितेश, न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवतात. ते म्हणतात, आई, बस झालं, आता घरी बस.

चंद्रावती : त्याला बोलायला काय जातंय. बाजारातली माजी जागा माज्या सासूची. आठ दिस रिकामी दिसली का दुसरी येऊन पाटी टाकंल. मंग मी परत कुठं बसू, याच्या ट्रेलरवर?

मनस्वी : मावशी, मला 'चालू' लिहिता येणार नाही.

कोमल : पलीकडच्या पद्मजाताईंना मिळाला. त्यांच्याकडे दोन होते. एक नुसता पाण्याच्या बाटल्यांना.

मनस्वी : तो अर्ज मीच तपासला. त्यांच्या जुन्याचा आकडा एकशे सत्तर होता.

कोमल : मग आमचा एकशे साठ लिहा. कोणाला कळणार आहे?

मनस्वी : गोडाऊनला नेल्यावर परत लावून बघतात. आणि बघत नसते, तरी मी लिहिलं नसतं.

चंद्रावती : लिवू नको. पन मना समजव. ती पद्मजा दोन दोन फ्रिज चालवते, तिला निम्म्यात. मी आठ वर्सं करंट खाल्ला नाय, तर मना पुरा भाव?

मनस्वी : हो.

चंद्रावती : हो काय?

मनस्वी : तसंच आहे ते. हे पैसे वाचणाऱ्या विजेचे आहेत. त्यांचा जुना फ्रिज जास्त खायचा, नवा कमी खातो. मधल्या फरकाचे पैसे कंपनी देते. तुमचा काहीच खात नाही, त्यामुळे फरक निघत नाही. उलट नवा दिला तर तुमच्या घरात महिन्याला वीस-पंचवीस युनिट वाढतील.

कोमल : दिवा लावायचे दिनानाथला दोनशे दिले मी.

चंद्रावती : दिवा कशाला लावलास?

कोमल : आत उजेड दिसला की चालू वाटेल म्हणून.

चंद्रावती : माशांना काय पेपर वाचायचा होता?

मनस्वी : एक सांगते. फ्रिज कधीपासून चालू आहे, असं नियमात विचारलेलं नाही. तपासणीच्या दिवशी चालू हवा, इतकंच आहे. यंदाची मुदत एकतीस मार्चची. त्याआधी मोटर बदललीत तर मला परत यावं लागेल, आणि जो आकडा दिसेल तो मी लिहीन.

कोमल : म्हणजे दुरुस्त करायचा, आणि मग तुम्ही नेणार?

मनस्वी : नेऊन मोडणार. तीही अट आहे.

कोमल : दिनानाथ परवाच म्हणाला, दुसरी वापरलेली मोटर तीन हजारांत बसवून देतो. तीन ते, आणि नव्याचे निम्मे म्हणजे सात. प्रितेशना विचारावं लागेल.

चंद्रावती : थांब गो. बाय, मोटर बसवली का हा गार करनार?

मनस्वी : दिनानाथ म्हणतोय तर पाइप शाबूत असणार. दाराची रबरपट्टी मी पाहिली, चांगली आहे. करेल.

चंद्रावती : रातभर मासली राहील?

मनस्वी : राहील. वीज मात्र भरपूर खाईल. महिन्याला शंभर युनिट तरी.

चंद्रावती : मंग चालता फ्रिज तुमाला मोडायला कशाला देऊ?

मनस्वी : नव्याला चौथा हिस्सा वीज लागेल. बिलात जे वाचेल त्यातून सात हजार दोन-अडीच वर्षांत सुटतील. मी लिहून दाखवते.

चंद्रावती : लिवलेला खरा असंल. पन दोन वर्सांनी सुटनारे सात हजार आज कुठून आनू? माज्याकडं तीन हाईत.

मनस्वी : या योजनेत हप्ते नाहीत.

कोमल : आई, शंभर युनिटांचं बिल प्रितेश बघतील तेव्हा काय सांगायचं?

चंद्रावती : माज्यापुडं ठेव म्हनावं. मासली फेकन्यापरीस बिल भरलेला बरा. दिनानाथला फोन लाव. आज येतो का विचार.

मनस्वी : मग अर्जावर 'मागे घेतला' लिहू?

चंद्रावती : लिव. अंगठा नको घेऊस, सही करतो आमी.

मनस्वी : इथे करा. मावशी, मी वीज वाचवायला फिरते, आणि तुमच्या घरात शंभर युनिट वाढवून चालले.

चंद्रावती : वाढू दे. पुडच्या वर्सी परत ये. तवा हा करंट खात असंल, मंग आमी बसू तुज्या कागदात.