पान सदतीसवरचा फुगा

(पुस्तकबांधणीची खोली, दुपार. टेबलावर कच्ची प्रत, एक फुगवलेला फुगा आणि सही न झालेला कागद.)

लेखक : मावशी, पुस्तकाचं नाव वाचलंत ना? 'विश्व? हात्तिच्या!' हात्तिच्या म्हटल्यावर न समजायला उरलंच काय?

मावशी : नाव समजलं. आतलं नाही समजलं.

लेखक : अहो, आजवर विज्ञानाच्या अकरा पुस्तकांवर सही केलीत तुम्ही. त्यातली तीन माझीच. मालकांचा नियमच आहे, बांधणीतल्या मावशींनी कच्ची प्रत वाचायची, 'समजलं' म्हणून सही करायची, मगच छपाई.

मावशी : आणि मग पुस्तकाच्या पाठीवर छापायचं, 'आमच्या सातवी शिकलेल्या मावशींनाही समजलं!'

लेखक : तो तुमचा गौरव आहे.

मावशी : असेल. जरा टोचतो, एवढंच.

लेखक : खाली मशीन थांबलंय. रविवारी प्रकाशन, कुलगुरू येणार आहेत. निदान कुठे अडलं ते तरी सांगा.

मावशी : पान सदतीस. फुगा.

लेखक : फुग्यात अडण्यासारखं काय आहे? फुग्यावर पेनानं ठिपके काढायचे. फुगा फुगवला की ठिपके एकमेकांपासून लांब जातात. विश्वातलं सगळं तसंच ताणलं जातंय. अर्थातच.

मावशी : हे 'अर्थातच' पुस्तकात एक्केचाळीस वेळा आहे. मोजलंय मी. जिथे तुमची गाडी अडते तिथे बरोब्बर एक.

लेखक : ती माझी शैली आहे.

मावशी : मी तुमचं ऐकून फुगा आणला. ठिपके काढले. दोन ठिपक्यांच्या मधे एक मोजपट्टी पण काढली, चार रेघांची. फुगवला. ठिपके लांब गेले खरे, पण त्यांच्याबरोबर पट्टीही ताणली गेली. आधी अंतर चार रेघा, नंतरही चार रेघाच. सगळंच ताणलं तर लांब गेलं हे मोजणाऱ्याला कळलं कसं?

लेखक : हा प्रश्न नवशिक्यांचा नाही.

मावशी : मी नवशिकीच आहे. आणि मलाच पडला.

लेखक : उपमा शेवटपर्यंत ताणायची नसते हो.

मावशी : मग कुठे थांबायचं ते पुस्तकात लिहायचं. फुगवायला सांगून आपण पळून जायचं, याला काय अर्थ आहे?

लेखक : आधीच्या अकरा पुस्तकांत एक शंका नाही, आणि नेमकी आज?

मावशी : आधीची अकरा मला ओ की ठो कळली नव्हती.

लेखक : काय सांगता? आणि सह्या?

मावशी : मालक कागद पुढे करायचे, तुम्ही लोक समोर उभे. नाही म्हणायची लाज वाटली.

लेखक : मग आजही तशीच करून टाका. एका सहीनं कुणाचं काय बिघडणार आहे?

मावशी : माझ्या भाचीचं बिघडलं. तिनं तुमचं मागचं पुस्तक आणलं, कृष्णविवराचं. दोनदा वाचलं, कळेना. मग पाठीवरचं माझं कौतुक वाचलं आणि मला म्हणाली, "मावशी, सातवी शिकून तुला कळलं आणि बारावी होऊन मला नाही, म्हणजे मीच ढ." गणितात पहिली येणारी पोर आहे हो ती. सोमवारी कॉलेजचा फॉर्म भरायचाय, आणि भौतिकशास्त्र सोडते म्हणतेय.

लेखक : तुम्ही खरं सांगितलं नाहीत तिला?

मावशी : तिथेही लाजच वाटली. तेव्हापासून घास गोड लागत नाही मला.

लेखक : पट्टी ताणली जात नाही, मावशी. म्हणजे, खरी पट्टी.

मावशी : का?

लेखक : तिच्यातले कण एकमेकांना घट्ट धरून असतात. विश्वाचा ताण त्यांच्यापुढे काहीच नाही, पट्टी तसूभरही वाढत नाही. दूरदूरच्या आकाशगंगांना असं कुणी धरून ठेवलेलं नाही, म्हणून त्या लांब जातात.

मावशी : थांबा. हे दोन फर्मे बघा, सोळा-सोळा पानांचे, दोऱ्यानं शिवलेले. रबराच्या चादरीवर ठेवले आणि चादर ताणली, तर फर्मे एकमेकांपासून लांब जातील. पण फर्म्यातली पानं काही उसवणार नाहीत.

लेखक : हेच. अहो, अगदी हेच. सव्वीस वर्षं शिकवतोय, मला नाही सुचलं. समजलं की तुम्हाला. करा सही.

मावशी : समजलं. पण हे तुमच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?

लेखक : नाहीये.

मावशी : मग तो फर्मा उसवते मी. सदतिसावं पान नव्यानं लिहा. मशीन थांबलेलंच आहे.

लेखक : आणि सही?

मावशी : भाची पाच वाजता येते. आधी त्या अकरा सह्यांचं मी तिला सांगते. मग तुम्ही हे पान वाचून दाखवा. कळलं तर तीच सही करेल.

लेखक : आणि नाही कळलं तर?

मावशी : तर या वेळी ढ ती नसेल.