बाबांच्या हातची टाकी

गॅरेजमध्ये स्कूटरची वाट पाहत बसलेल्या एका बाईंच्या बाकावर एक वृद्ध आई आणि तिची दोन मोठी मुलं, भाऊ आणि बहीण, येऊन टेकली. समोर त्यांची जुनी मोटार उभी होती आणि मिस्त्री हात पुसत समजावत होता.

"कार्बुरेटर काढून पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसवायचं, तर ते जोरानं ढकलणारा पंप हवा. जुनी टाकी ठेवलीत तर पंप बाहेरून लागेल, सारखा गुणगुणेल. नवीत तो आतच बसतो, आवाज नाही."

"जुनीच ठेवा. बाबांचा हात फिरलाय तिच्यावर."

"दादा, तुझं आपलं काहीतरीच! आई मागे बसते, नेमकी त्या आवाजावर."

"घाटात टाकीला भोक पडलं, तेव्हा बाबांनी अंगाचा साबण चोळून बुजवलं होतं. विसरलीस?"

"विसरेन कशी? मी रडत होते आणि तू दात काढत होतास."

"साहेब, आतून गंजलीय ती. गंज पंपात गेला की गाडी बसली रस्त्यात."

"गाळणी लावा."

"लावतो. मग दर महिन्याला या गाळणी बदलायला."

"आई, तूच सांग गं याला."

"नवी बसवा, मिस्त्री."

"आई, तूसुद्धा?"

"अरे, साबण चोळला तो टाकीच्या मायेनं होय? तुम्हा दोघांना सुखरूप घरी न्यायचं होतं त्यांना. आज असते, तर त्यांनीच आधी बदलली असती."

मिस्त्रीनं वहीत नवी टाकी लिहून घेतली.

"मग जुनी भंगारात देऊ ना?"

"नको," बहीणच म्हणाली, "मी घरी नेते."

"अगं, तुझ्या दोन खोल्यांत ठेवणार कुठं?" भावानं विचारलं.

"करीन जागा."