डाव्या कडेचा गोलकीपर

वुल : हलू नकोस म्हटलं ना. हललास की हाडाची टोकं एकमेकांवर घासतात. मला ऐकू येतंय.

डॉड : मलाही येतंय. बांध तू.

वुल : बांध काय बांध! खांद्याचं हाड मोडलंय बाबा, बुटाची नाडी नाही तुटलेली. स्पंज आणि गार पाणी, ट्रेनरचं वैद्यक एवढंच. तुला दवाखाना पाहिजे.

डॉड : दवाखाना पाच वाजताही तिथंच असेल. हात छातीशी आवळ, वरून दुसरी जर्सी चढव. गोलकीपरची माझी शुगला दे. तो राहील गोलमध्ये.

वुल : शुग? अरे, त्याच्या हातात चहाचा कप टिकत नाही!

डॉड : मग पायाने अडवेल. बॅक आहे तो, पाय आहेत त्याला. मी डाव्या विंगला, कडेला उभा राहतो.

वुल : हां. आली ती जुनी रीत. बदली माणूस घालायला बंदी, म्हणून मोडका माणूस विंगला नेऊन उभा करायचा, बुजगावण्यासारखा. पण डॉड, घोटा मुरगळलेल्यासाठी आहे ती रीत. तुला कुणी नुसता धक्का दिला तर हाड कातडीतून बाहेर येईल.

डॉड : धक्का द्यायला जवळ यावं लागतं. मोडक्याच्या जवळ कोण येतंय? आवळ. अजून.

वुल : ओरड की लेका. बुटांची खोली आहे ही, मध्यंतराला पोरं पलीकडे आहेत. कुणी ऐकत नाही.

डॉड : पाऊस थांबला का रे?

वुल : थांबला. मध्येच पावसाची चौकशी?

डॉड : त्यांच्या गोलकीपरने टोपी घातली होती का?

वुल : धो धो पावसात टोपी कोण घालतं? तुझं डोकं पण आपटलंय का? त्यांच्या त्या बैलाने दोन पावलं मागे जाऊन धडक मारली तुला, मी पाहिलं. आणि पंच म्हणतो, कायद्यात बसतं.

डॉड : बसतं. बरोबरी आहे अजून, एकेक गोल. आपल्याला जिंकायला लागतंय. पोर्ट लेनीला बरोबरी पुरते, आपल्याला पुरत नाही.

वुल : ते आपल्या ऑखनरिगमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जिंकलो तर वरच्या डिव्हिजनला, नाहीतर पुन्हा इथंच चिखलात. दार वाजतंय. या!

पर्डी : इम्री, फार वाईट झालं. मी स्टँडमधून पाहिलं. खाटकाच्या दुकानात हयात गेली माझी, मोडलेलं हाड लांबून ओळखतो.

डॉड : मी अजून टांगलेला नाही, पर्डीसाहेब.

पर्डी : गंमत करतोस, हे चांगलं लक्षण. माझी गाडी बाहेर उभी आहे. चल, थेट दवाखान्यात सोडतो.

डॉड : मेहरबानी. सामना संपला की येतो.

पर्डी : दहाजण खेळतील ना. त्यात कसली लाज? लोक समजून घेतात. दहाजणांनी हरण्यातही एक मान असतो.

डॉड : ऐकलंस, वुल? हरण्यात मान असतो.

वुल : मी बहिरा आहे. ट्रेनरला बहिरंच ठेवतात.

पर्डी : मुद्द्याचं बोलतो, तुम्ही समजूतदार आहात. वर जाऊन करायचं काय? ग्लासगोचे मोठे क्लब येणार, सात-सात गोल मारून जाणार. रात्रपाळी करून आलेली खाणीतली पोरं तिथं चालत नाहीत. पगारी खेळाडू आणावे लागतील. मग आधी कोण जाईल? तुम्हीच. क्लबचं मंडळ तुमच्या भल्याचंच बघतंय.

डॉड : मागच्या वर्षीही बघितलंत. असाच शेवटचा सामना, अशीच वेळ, आणि सगळ्यात जास्त गोल मारणारा पोरगा तुम्ही घरी बसवलात.

पर्डी : संघ मंडळ निवडतं. क्लब स्थापन झाला तेव्हापासून.

डॉड : मंडळ म्हणजे एक खाटीक, एक दारूवाला आणि एक शवपेट्या विकणारा. तिघांनी मिळून जन्मात एक बॉल डोक्याने मारलेला नाही. त्यातला पेट्यावाला तरी मेल्यावर उपयोगी पडतो.

पर्डी : जीभ सांभाळ, इम्री.

डॉड : आणि माझी टोपी? तीही तुम्हीच काढायला लावलीत मागच्या वर्षी.

पर्डी : टोपीचं काय एवढं? क्लबला एक रूप असावं लागतं. गोलकीपर खाणीत उतरायच्या पिंजऱ्यातून आत्ताच वर आल्यासारखा दिसतो, असं पाहुणे म्हणायचे.

डॉड : मी पिंजऱ्यातूनच वर येतो, साहेब. सहा दिवस. आजही सकाळी आलो.

पर्डी : तेच तर सांगायला आलोय. म्हातारा लॉरी थकला आता. मैदान राखायला माणूस लागेल, आणि मंडळाने तुझं नाव धरलंय. उघड्या हवेतलं काम. तुझा खोकला ऐकतो मी, खाणीत अजून किती वर्षं काढशील? पण त्या जागेवर समजूतदार माणूस हवा. आज घरी जाणारा.

डॉड : गवताला समजूत लागत नाही. खत लागतं. ते तुम्ही आत्ता भरपूर टाकलंत.

पर्डी : बरं. मी विचारलं होतं, हे लक्षात ठेव. वुल, तूही लक्षात ठेव.

वुल : दार ओढून घ्या साहेब, वारा येतो.

डॉड : गेला?

वुल : गेला. आणि तुझी नोकरीही गेली त्याच्यामागे. अरे गाढवा! उघड्या हवेतलं काम! मी असतो तर त्याचे बूट चाटले असते.

डॉड : तू सात वर्षं चाटतोयस. मिळालं काय?

वुल : खरं आहे. चिखलच लागला तोंडाला. पण ऐक, कुणासाठी चाललंय हे तुझं? हेच गाव तुला चोर म्हणतं ना?

डॉड : म्हणूनच. मागच्या वर्षी तो उंच बॉल माझ्या हातांतून सुटला आणि गावाने ठरवलं, डॉड इम्रीने सामना विकला. वर्षभर पिंजऱ्यात माझ्या शेजारी कुणी उभं राहत नाही. सख्खा भाऊ पाठ करून उभा राहतो. नव्या वर्षाच्या पहिल्या रात्री, घरात वर्षभर ऊब राहो म्हणून, कोळशाचा खडा घेऊन त्याच्या दारात गेलो, रीतीप्रमाणे. आत दिवा होता. मी ठोठावलं, आणि दिवा विझला.

वुल : सँडीने?

डॉड : सँडीनेच. खडा पायरीवर ठेवून परत आलो. आज मी गाडीत बसून गेलो ना वुल, तर लोक म्हणतील, यंदा हाड मोडून घ्यायचे पैसे घेतले. जर्सी आण.

वुल : ही घे. डोकं खाली कर. अजून खाली... हं. रडायचं तर आत्ता रडून घे, बाहेर हजारो माणसं आहेत.

डॉड : चल.

(दुसऱ्या अर्ध्या खेळात, मैदानाच्या डाव्या कडेला. कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे गर्दी. अलीकडे पेटीवर बसलेला वुल.)

वुल : जिवंत आहेस?

डॉड : अर्धा.

वुल : कुठला अर्धा? त्या बाजूला बॉल मारायला सांगतो.

डॉड : शुगचं काय चाललंय? मला मान वळवता येत नाही.

वुल : एक बॉल नडगीने अडवला, एक नाकाने. हाताला अजून लागलेला नाही. पण बरोबरी टिकलीय. नाकातून रक्त येतंय आणि हसतोय येडा.

डॉड : मागून कोण ओरडलं?

वुल : कुणी नाही.

डॉड : मी ऐकलं. ‘यंदा किती मिळाले रे डॉड’ म्हणाला.

वुल : मग कशाला विचारतोस? तिकडे बघू नकोस.

डॉड : सँडी आहे?

वुल : आहे. तुझ्या मागेच, खांबाजवळ. तोंड शिवल्यासारखा. ओरडणारा तो नव्हता, एवढं सांगतो.

डॉड : वेळ किती झाली?

वुल : साडेचार होत आले. बस ना रे खाली. ओठ पांढरे पडलेत तुझे. त्यांचा एकही माणूस तुझ्याजवळ फिरकत नाही, तुला हिशोबातच धरलेलं नाही त्यांनी.

डॉड : म्हणून तर उभा आहे. वुल, ढग फाटले बघ.

वुल : मग? धुणं वाळत घालायचंय?

डॉड : त्यांच्या गोलकीपरकडे बघ. काय करतोय?

वुल : कपाळावर हात धरून उभा आहे.

डॉड : बरोबर. त्या गोलमध्ये मी चौदा वर्षं उभा आहे. एप्रिलात या वेळेला ऊन तिथं सरळ डोळ्यांत शिरतं. जमिनीवरचा बॉल दिसतो, उंच आला की नाही दिसत. टोपी असली तर निभतं. आता ओरड. जॉककडे बॉल आहे, त्याला ओरड. माझी छाती उघडत नाही.

वुल : जॉक! ए जॉक! डावीकडे! डॉडला दे! अरे मोकळा आहे तो, बहिऱ्या! दिला... दिला! सांभाळ! पायाखाली घे! आता पुढे सरकव, पुढे... अरे, एवढा उंच कशाला मारलास! ढगात मारतोस का... थांब. थांब, थांब. हात वर केलेत त्याने. कुठं धरतोय तो हात? बॉल तिकडे आहे आणि... आत! देवा शप्पथ, आत! डॉड! आत गेला! डॉड, ऊठ रे! पडला का हा?

डॉड : पाय घसरला.

वुल : घसरला म्हणे! ओंडक्यासारखा कोसळलास. मी धरतो. चांगल्या बाजूने. हळू.

सँडी : तसाच.

वुल : कोण बोललं?

सँडी : मागच्या वर्षीचा. तसाच गेला. त्याच गोलात. हात वर, आणि बॉल भलतीकडून.

वुल : सँडी इम्री, वर्षभराने तोंड उघडलंस ते या वेळेला? भिंतीवरून उतर, पंच बघतोय.

सँडी : डॉड. तुला दिसला नव्हता तो.

डॉड : नव्हता.

सँडी : उन्हाने.

डॉड : उन्हाने.

सँडी : मग बोलला का नाहीस?

डॉड : कुणाशी? तुम्ही विचारलंत कुठं? माझ्या हातांतून सुटला होता, तेवढं खरं होतं. गोलकीपर उन्हाच्या नावाने रडायला लागला तर पोरंसुद्धा हसतात. आणि तू तर ठरवूनच टाकलं होतंस. उभा कर मला, वुल.

वुल : आता कशाला? एक गोल वर आहोत. भिंतीला टेक आणि बस.

डॉड : ते बघ, आता दोन माणसं ठेवलीत माझ्यावर. मी इथं उभा आहे तोवर त्यांचे दोघं इथं अडकलेत. बसलो की ते शुगच्या नाकावर जातील. उभा कर.

वुल : हा घे, उभा. जा, मर जा.

सँडी : पडू नकोस रे.

डॉड : तू ओरड. बाकीच्यांना ओरडू दे माझ्या नावाने, तू पोरांच्या नावाने ओरड.

सँडी : शुग! पुढे ये! गोल सोड, पुढे ये! मार लांब! कुठंही मार!

वुल : मारला! स्टँडमध्ये गेला, पर्डीच्या मांडीवर. आणि तो टाळ्या वाजवतोय, हातमोजे घालून. आवाज येत नाही, पण हात हलतायत.

डॉड : हलू देत. त्याला काय वाजवायचं ते सोमवारी वाजवेल. अजून किती?

वुल : पंच घड्याळ बघतोय. शिट्टी तोंडात घातली. वाजव रे बाबा... वाजव... वाजली! संपलं! डॉड, संपलं! गेलो आपण वर! इथंच थांब, मी चादर आणि माणसं घेऊन येतो. सँडी, याला सोडू नकोस!

सँडी : टेक माझ्यावर. इकडून, भिंतीवरून. त्या बाजूने नको, चांगल्या बाजूने.

डॉड : पर्डीच्या गाडीतून नाही जायचं मला.

सँडी : नको. चालत जाऊ. नाहीतर उचलून नेतो.

डॉड : मैदानाची नोकरी गेली माझी.

सँडी : मग सोमवारी पिंजऱ्यात.

डॉड : सोमवारी कुठला? हात बघ.

सँडी : मग बरा झालास की. मी तोंड तुझ्याकडे करून उभा राहीन.

डॉड : हं.

सँडी : डॉड.

डॉड : काय?

सँडी : तो खडा. पायरीवरचा. हिवाळाभर शेगडी पेटवली, पण तो नाही जाळला मी.