शास्त्र कोणी वाचायचं

आमच्या श्रीरामपूरच्या वसंताचा आणि सॅम्युएलचा वाद तुम्हाला सांगितला की नाही? वसंता पक्का नास्तिक, आणि सॅम्युएल दर रविवारी चर्चमध्ये शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारा. चहाच्या टपरीवर दोघांची रोज जुंपायची.

"तुझा देव हाय कुठं, दाखव की," वसंता म्हणायचा.

"तू भांडायलाच बघतोस, तुला कसा दिसंल?" सॅम्युएल म्हणायचा.

मागच्या वर्षी सॅम्युएलच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालं. आम्ही तिघं दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सॅम्युएलनं शास्त्र उघडलं, पण त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. थोडा वेळ बघून वसंतानं ते पुस्तक त्याच्या हातातून घेतलं.

"कुठनं वाचू?"

सॅम्युएलनं एका स्तोत्रावर बोट ठेवलं. वसंता ते मोठ्यानं वाचत राहिला. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी डॉक्टरांनी बाहेर येऊन धोका टळल्याचं सांगितलं, तेव्हाच थांबला.

सॅम्युएलला तिथंच ठेवून आम्ही दोघं एसटीनं श्रीरामपूरला परत निघालो. मी वसंताला हळूच विचारलं, "काय रे, विश्वास बसला का?"

"न्हाई," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "त्याचा आवाज बसला हुता."